हुकूम कोणाचा, माणसं कोणाची? जनरल मनोज पांडे यांची वाटचाल आणि थिएटर कमांडचा गुंता

1 जून 2020 रोजी लेफ्टनंट जनरल मनोज पांडे यांनी पोर्ट ब्लेअरला अंदमान-निकोबार कमांडची सूत्रं घेतली. त्यांच्या हाताखाली लष्कराची ब्रिगेड, नौदलाची जहाजं आणि तळ, कार निकोबारचा हवाई तळ आणि तटरक्षक दलाच्या नौकाही होत्या. आता समजा, यातल्या एका नौसैनिकाने वरिष्ठावर हात उचलला. तीन ताऱ्यांचा हा सेनापती त्याला शिक्षा करू शकला असता का? नाही. नौसैनिकाला नौदलाचा 1957 चा कायदा लागू, हवाई सैनिकाला हवाई दलाचा 1950 चा आणि जवानाला लष्कराचा 1950 चा. प्रत्येक कायद्यात शिक्षेचा अधिकार त्या त्या दलाच्या अधिकाऱ्याकडे. त्यामुळे अशा माणसाला त्याच्या मूळ दलाच्या ताब्यात द्यायचं आणि पुढचं त्यांनी बघायचं, अशी रीत होती. युद्धात त्याला शत्रूवर गोळी झाडायचा हुकूम देता येत होता, पण साधी सजा देता येत नव्हती.

थिएटर कमांड म्हणजे एका आघाडीवरची तिन्ही दलं एकाच सेनापतीच्या हाताखाली. हा शब्द वर्तमानपत्रांत आला की सोबत नकाशा येतो, नकाशावर रंगीत पट्टे येतात, आणि मुख्यालय जयपूरला की लखनौला यावर चर्चा रंगते. खरा पेच पट्ट्यांचा नाहीच. हुकूम एकाचा आणि माणसं, पैसा, बढती दुसऱ्याच्या हातात, हे कसं चालायचं, हा तो पेच. पांडे यांची कारकीर्द त्यासाठी उदाहरण म्हणून सोयीची आहे, कारण तिन्ही दलांची एकत्र कमांड आधी सांभाळून नंतर लष्करप्रमुख झालेले अधिकारी विरळाच.

नागपूरचा सॅपर

पांडे मूळचे नागपूरचे, जन्म 6 मे 1962. खडकवासल्याची एनडीए, मग डेहराडूनची अकादमी, आणि डिसेंबर 1982 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये कमिशन. बॉम्बे सॅपर्सचं घर पुण्यात, खडकीला. सॅपर म्हणजे लष्कराचे इंजिनीअर: पूल टाकणारे, सुरुंग पेरणारे आणि काढणारे, रस्ता नसेल तिथे रस्ता करणारे. डिसेंबर 2001 मधल्या संसद हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये सैन्य सीमेवर गेलं, तेव्हा ते जम्मूच्या पल्लनवाला भागात 117 इंजिनीअर रेजिमेंटचे प्रमुख होते.

शिडी कशी असते ते इथे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची भांडणं कळत नाहीत. आजच्या नियमांनुसार कॅप्टन 2 वर्षांनी, मेजर 6 वर्षांनी आणि लेफ्टनंट कर्नल 13 वर्षांनी होता येतं. परीक्षा पास व्हा, सेवा स्वच्छ ठेवा, ताऱ्यांची भर आपोआप पडते. कर्नलपासून मात्र निवड. लेफ्टनंट कर्नलचा कर्नल करायचा की नाही हे ‘नंबर 3 बोर्ड’ ठरवतं, ब्रिगेडिअरसाठी ‘नंबर 2’, मेजर जनरलसाठी ‘नंबर 1’ आणि लेफ्टनंट जनरलसाठी विशेष बोर्ड. बोर्डापुढे मुख्य कागद एकच: गोपनीय अहवाल. तो लिहिणारे, तपासणारे आणि त्यावर शेवटची सही करणारे सहसा एकाच दलातले असतात. त्यातही वजन असतं ते प्रत्यक्ष तुकडी सांभाळल्याच्या काळातल्या अहवालाला. दिल्लीत कितीही उत्तम फायली हलवल्या तरी रेजिमेंट सांभाळली नसेल तर पुढचं दार उघडत नाही.

इंजिनीअर अधिकाऱ्याची अडचण जरा वेगळी. त्याची रेजिमेंट जमीन धरून ठेवत नाही, दुसऱ्यांना पुढे जायला मदत करते. पायदळाची ब्रिगेड त्याला मिळायची तर तो ‘जनरल कॅडर’मध्ये यावा लागतो. ब्रिगेडिअर झाल्यावर निवडक अधिकारी आपली मूळ शाखा मागे ठेवतात आणि कुठल्याही लढाऊ फॉर्मेशनचे प्रमुख होऊ शकतात. पांडे या वाटेने गेले. पश्चिम आघाडीवर इंजिनीअर ब्रिगेड, नियंत्रण रेषेवर पायदळाची ब्रिगेड, इथिओपिया-एरिट्रियातल्या संयुक्त राष्ट्र मोहिमेत चीफ इंजिनीअर, मग पश्चिम लडाखमध्ये 8 माउंटन डिव्हिजन आणि तेजपूरला 4 कोअर. बटालियनमध्ये साधारण 800 माणसं धरली, तर ब्रिगेडमध्ये अशा तीन, डिव्हिजनमध्ये तीन-चार ब्रिगेड आणि कोअरमध्ये दोन-तीन डिव्हिजन, म्हणजे पसारा केवढा वाढत जातो ते लक्षात येईल. त्यानंतर पोर्ट ब्लेअर, 1 जून 2021 पासून कोलकात्याची ईस्टर्न कमांड, 1 फेब्रुवारी 2022 पासून उपप्रमुख आणि 30 एप्रिल 2022 ला 29 वे लष्करप्रमुख. इंजिनीअर शाखेतून या पदावर पोचलेले ते पहिलेच.

तारखा बघा: अंदमानात एक वर्ष, कोलकात्याला आठ महिने, उपप्रमुखपदी तीन. हा काही त्यांच्यापुरता योगायोग नाही. लेफ्टनंट जनरल 60 व्या वर्षी निवृत्त होतो. लष्करप्रमुख 62 वर्षं वय किंवा पदावर तीन वर्षं, यातलं जे आधी भरेल तेव्हा. वर पोचेपर्यंत हातात उरलेली वर्षं बोटांवर मोजण्याइतकी असतात, म्हणून वरच्या खुर्च्या भराभर बदलतात. सैन्यात जन्मतारखेवरून वाद न्यायालयापर्यंत का जातात, याचं उत्तर इथेच आहे. पांडे मे 2024 मध्ये 62 वर्षांचे झाले, 31 मे ला निवृत्त व्हायचे होते. सरकारने ऐन वेळी एक महिन्याची मुदतवाढ दिली आणि ते 30 जूनला गेले. आणि ज्याला एका आघाडीची पूर्ण जबाबदारी द्यायची, त्याला ती आघाडी समजायलाच वर्ष लागतं. थिएटर कमांडर किती वर्षांसाठी नेमायचा हा प्रश्न म्हणूनच मुख्यालयाच्या पत्त्यापेक्षा महत्त्वाचा.

सतरा घरं

सध्या लष्कराच्या सात कमांड आहेत: उधमपूर, चंडीमंदिर, जयपूर, लखनौ, कोलकाता, पुणे आणि प्रशिक्षणाची शिमल्याला. हवाई दलाच्याही सात: दिल्ली, गांधीनगर, प्रयागराज, शिलाँग, तिरुवनंतपुरम, प्रशिक्षणाची बंगळुरूला आणि देखभालीची नागपूरला. नौदलाच्या तीन: मुंबई, विशाखापट्टणम, कोची. एकूण 17, त्यातल्या तीन महाराष्ट्रात. शिवाय तिन्ही दलांच्या मिळून दोन: 2001 ची अंदमान-निकोबार आणि 2003 ची स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड, जिच्याकडे अण्वस्त्रांची जबाबदारी आहे.

या यादीतली गंमत ही, की लष्कराची एकही कमांड आणि हवाई दलाची एकही कमांड एका गावात नाही. उधमपूरच्या लष्करी कमांडरला विमानं हवी असतील तर ती दिल्लीच्या वेस्टर्न एअर कमांडकडून येणार. पुण्याच्या सदर्न कमांडच्या हद्दीवर हवाई दलाच्या एकाहून अधिक कमांडचं आकाश पसरलेलं. प्रत्येक दलाने आपापल्या सोयीने, आपापल्या काळात हद्दी आखल्या. त्या एकमेकींवर बसत नाहीत.

समोर चीनकडे पाहू. फेब्रुवारी 2016 मध्ये चीनने आपले सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांड केल्या. भारतालगतची सगळी सीमा, लडाखपासून अरुणाचलपर्यंत, चेंगडूच्या एका वेस्टर्न थिएटर कमांडकडे. आपल्या बाजूला तीच सीमा लष्कराच्या उत्तर, मध्य आणि पूर्व या कमांड आणि हवाई दलाच्या किमान तीन कमांड वाटून घेतात. समोरचा सेनापती लडाखमधून तवांगकडे रणगाडे किंवा विमानं हलवायची ठरवतो तेव्हा तो निर्णय एका खोलीत होतो. आपल्याकडे दिल्लीत बैठक बोलवावी लागते. एकट्या या कारणासाठी सगळं मोडून नव्याने बांधावं का, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. पण मुद्दा खरा आहे.

कारगिलची तीन नावं

1999 च्या युद्धाला लष्कराने ‘ऑपरेशन विजय’ म्हटलं, हवाई दलाने ‘सफेद सागर’, नौदलाने ‘तलवार’. युद्ध एक, नावं तीन. मेच्या सुरुवातीला घुसखोरी कळली. हवाई हल्ले सुरू झाले 26 मे रोजी. मधल्या काळात लष्कराला लढाऊ हेलिकॉप्टर हवी होती. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस यांचं म्हणणं, की त्या उंचीवर हेलिकॉप्टर टिकणार नाहीत आणि हवाई शक्ती वापरायची तर आधी सरकारची मंजुरी हवी. दोघांचंही त्यांच्या जागी चूक नव्हतं. दोघांच्या वर बसून ‘हे करा’ म्हणणारा एक गणवेशधारी मात्र कोणीच नव्हता.

के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल आढावा समितीनंतर मंत्रिगटाने 2001 मध्ये संरक्षण दल प्रमुख नेमा असं सुचवलं. अंदमानची कमांड त्याच लाटेत 8 ऑक्टोबर 2001 ला उभी राहिली. प्रमुखाचं पद मात्र 18 वर्षं रखडलं. मधे नरेश चंद्र समिती आली, मग 2016 मध्ये लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांच्या समितीने तीन थिएटर कमांडची शिफारस केली. शेवटी 15 ऑगस्ट 2019 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि 1 जानेवारी 2020 ला जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख, म्हणजे सीडीएस, झाले.

हे पद आलं म्हणजे तिन्ही दलांना एक धनी मिळाला, असा अनेकांचा समज आहे. सरकारी आदेशात नेमकं उलट लिहिलंय: सीडीएस कुठलंही लष्करी नेतृत्व करणार नाही, तिन्ही दलप्रमुखांवरही त्याचा हुकूम चालणार नाही, त्याने सरकारला निष्पक्ष सल्ला द्यायचा. त्याच्याकडे लष्करी व्यवहार विभागाचं सचिवपद आहे, तिन्ही दलांच्या संयुक्त संस्था आहेत, आणि तीन वर्षांत कामकाज, रसद, वाहतूक, प्रशिक्षण, दळणवळण, दुरुस्ती यांत एकजूट आणायचं उद्दिष्ट होतं. म्हणजे ज्याने घर बांधायचं त्याच्या हाती गवंडी नाहीत, वाळू नाही. त्याने शेजाऱ्यांना पटवून त्यांच्या विटा आणायच्या. रावत यांचा 8 डिसेंबर 2021 ला कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला आणि पुढची नेमणूक व्हायला नऊ महिन्यांहून अधिक काळ गेला. जनरल अनिल चौहान यांनी 30 सप्टेंबर 2022 ला सूत्रं घेतली तोवर तीन वर्षांतली बरीचशी संपलेली होती.

शिक्षेचा कायदा

पोर्ट ब्लेअरच्या त्या नौसैनिकाकडे परत येऊ. ऑगस्ट 2023 मध्ये संसदेने आंतर-सेवा संघटनांचा (कमांड, नियंत्रण आणि शिस्त) कायदा केला. तो 10 मे 2024 पासून अमलात आला आणि त्याचे नियम मे 2025 मध्ये निघाले. कायदा अगदी छोटा आहे. किमान दोन दलांची माणसं असलेली संस्था सरकार ‘आंतर-सेवा संघटना’ म्हणून जाहीर करू शकतं, आणि तिच्या प्रमुखाला हाताखालच्या प्रत्येकावर, तो कुठल्याही दलाचा असो, शिस्तीचे आणि प्रशासकीय अधिकार मिळतात.

यात एक बारीक मेख आहे आणि ती बहुतेक बातम्यांत हरवली. नव्या कायद्याने तिन्ही दलांचे कायदे एक केले नाहीत. नौसैनिकावर खटला नौदलाच्याच कायद्याने चालणार, जवानावर लष्कराच्या. फक्त तो चालवण्याचा अधिकार आता वेगळ्या गणवेशातल्या प्रमुखाला आहे. आणि हे तीन कायदे एकसारखे नाहीत. लष्करात कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत, हवाई दलात तीन; युनिटप्रमुखाने एकट्याने बसून चालवायचं ‘समरी कोर्ट मार्शल’ फक्त लष्करात आहे. लष्करात कमांडिंग ऑफिसर जवानाला 28 दिवसांपर्यंत लष्करी कोठडी देऊ शकतो; नौदलात जहाजाच्या कॅप्टनचे अधिकार निराळ्या तक्त्याने ठरतात. तेव्हा एकाच मारामारीत एक जवान आणि एक नौसैनिक सापडले, तर एकाच टेबलामागून दोन पुस्तकं उघडून दोन वेगळ्या शिक्षा द्याव्या लागतील. प्रमुखाच्या शेजारी तिन्ही दलांचे कायदे जाणणारा अधिकारी नसेल तर पहिलंच प्रकरण अपिलात उलटेल.

10 मे 2024 ला हा कायदा लागू झाला तेव्हा पांडे लष्करप्रमुख होते, निवृत्तीला काही आठवडे उरले होते. अंदमानात ज्या अधिकाराविना त्यांनी वर्ष काढलं तो त्यांच्यानंतरच्यांना मिळाला.

विमानं कमी, मागणारे जास्त

सगळ्यात ठाम हरकत हवाई दलाची, आणि ती केवळ मानापमानाची नाही. मंजूर संख्या 42 लढाऊ स्क्वॉड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकड्यांची. सप्टेंबर 2025 मध्ये शेवटची मिग-21 गेल्यावर उरल्या 29. हवेत इंधन भरणारी आयएल-78 विमानं सगळी मिळून सहा. पुण्याच्या लोहगाव तळावरचं सुखोई हवेत इंधन घेऊन आज पश्चिमेला आणि उद्या बंगालच्या उपसागरावर जाऊ शकतं. ही विमानं तीन थिएटरना वाटून टाकली, तर सहा टँकरचे दोन-दोन-दोन करायचे का? पश्चिम आघाडी पेटलेली असताना उत्तरेचा कमांडर आपले दोन देईल का, की ‘उद्या माझ्यावर आलं तर?’ म्हणून धरून बसेल? वाटणीनंतर उसनं मागायला जाणं किती अवघड असतं हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे.

बाजूने बोलणारे सांगतात, की हवाई दल आजही पाच लढाऊ कमांडमध्ये विभागलेलंच आहे आणि गरजेप्रमाणे स्क्वॉड्रन इकडून तिकडे जातात. थिएटरमध्येही तसंच होईल. खरं आहे. पण आज ती हलवणारा एकच, हवाई दलाचं मुख्यालय, आणि निर्णय काही तासांत होतो. उद्या दोन थिएटर कमांडर एकाच स्क्वॉड्रनवर हक्क सांगू लागले तर निवाडा कोणी, किती वेळात करायचा, हे कागदावर आधी लिहून ठेवावं लागेल. लढाई सुरू झाल्यावर ते ठरवता येत नाही.

रावत यांच्या आराखड्यात स्वतंत्र एअर डिफेन्स कमांड होती. जुलै 2021 मध्ये त्यांनी हवाई दलाला ‘सहायक शाखा’ म्हटलं आणि तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ते लगेच जाहीरपणे खोडलं. नंतरच्या आराखड्यात शत्रूनुसार तीन विभाग आले: पाकिस्तानसाठी पश्चिम, चीनसाठी उत्तर आणि समुद्रासाठी सागरी. तरीही ऑगस्ट 2025 मध्ये महूच्या परिसंवादात तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी घाई नको, आधी दिल्लीत संयुक्त नियोजन आणि समन्वय केंद्र उभं करा, असं सुचवलं. नौदलप्रमुखांनी त्याच ठिकाणी थिएटर कमांडचं समर्थन केलं. गणवेशातले वरिष्ठ एवढं उघड बोलतात हे आपल्याकडे नवीन आहे, आणि माझ्या मते बरंही. दाबून ठेवलेली हरकत युद्धात महागात पडते.

नळजोडणी

नकाशाच्या खाली जे काम चालतं त्याला बातमीत जागा मिळत नाही. 2021 मध्ये गुवाहाटी, पोर्ट ब्लेअर आणि मुंबई इथे तिन्ही दलांची संयुक्त रसद केंद्रं सुरू झाली: शिधा, इंधन, छोट्या शस्त्रांचा दारूगोळा, भाड्याची वाहनं एका ठिकाणाहून. ऐकायला किरकोळ, पण तिन्ही दलांचे साठ्याचे सांकेतिक क्रमांक, नोंदवह्या आणि मागणीचे फॉर्म वेगवेगळे असल्याने एका दलाच्या गोदामातला तोच स्क्रू दुसऱ्याला दिसतच नसे.

हवाई संरक्षणात हवाई दलाची आयएसीसीएस, लष्कराची आकाशतीर आणि नौदलाची त्रिगुण अशा तीन प्रणाली आहेत. मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी आकाशतीर आणि आयएसीसीएस एकमेकांना जोडलेल्या होत्या. एकाच ड्रोनवर दोन दलांनी गोळीबार करणं आणि दुसरं ड्रोन मोकळं सुटणं, हा धोका त्याने कमी होतो. त्याहून मोठा धोका आपल्याच विमानावर आपणच मारा करण्याचा. आणि हो, या वेळी मोहिमेचं नाव तिन्ही दलांना एकच होतं. जून 2025 मध्ये सीडीएसला तिन्ही दलांसाठी संयुक्त आदेश काढण्याचा अधिकार मिळाला. तोवर दोन किंवा तीन दलांना लागू असलेली एकच सूचना प्रत्येक दल आपल्या लेटरहेडवर स्वतंत्रपणे काढत असे.

पांडे यांच्याच काळातला एक बदल याच जातीचा आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून लष्करात ब्रिगेडिअर आणि त्यावरच्या सर्वांची टोपी, खांद्यावरचे बिल्ले, कॉलरच्या पट्ट्या, पट्टा आणि बूट सारखे झाले. रेजिमेंटची ओळख सांगणारा लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची रंगीत दोरी, गेला. ज्या माणसाने उद्या गोरखा, मराठा आणि शीख पलटणींना एकत्र लढवायचं, त्याने कुठल्या एका पलटणीचा रंग मिरवू नये, हा विचार. लष्कराच्या आत, एका दलापुरती, रंग उतरवायची पायरी ब्रिगेडिअरला आहे. तिन्ही दलांच्या एकत्र कमांडरने पांढरा, खाकी-हिरवा की निळा घालायचा, याचं आजचं उत्तर सोपं आहे: आपल्या मूळ दलाचाच.

आणि त्याचा गोपनीय अहवाल? थिएटर कमांडर तीन ताऱ्यांचा असेल तर तो चार ताऱ्यांच्या दलप्रमुखांपेक्षा कनिष्ठ. त्याची पुढची नेमणूक ज्यांच्या हाती, त्यांच्याशी विमानांवरून वाद घालायची हिंमत त्याने दाखवायची. चार ताऱ्यांचा केला, तर दलप्रमुखांच्या बरोबरीचा. मग दलप्रमुखांकडे भरती, प्रशिक्षण आणि साधनं पुरवणं उरतं आणि लढाईचा हुकूम जातो. आयुष्यभर शिडी चढून शेवटच्या पायरीवर पोचलेल्याला युद्धात एकही तुकडी हलवता येणार नाही, हे तीन दलप्रमुखांनी स्वतःच्या सहीने मान्य करायचं आहे.